नावाचं गाव कोणतं?

कोल्हापुरातल्या कुठल्याही बालवाडीची हजेरी ऐका. रुद्रांश, शिवांश, श्रेयांश, रेयांश, दिव्यांश. मुलींत अद्विका, अन्विका, कियारा, मायरा. प्रत्येक आईबापानं आपल्या लेकराचं नाव 'सगळ्यांपेक्षा वेगळं' म्हणून निवडलेलं असतं, पण एका वर्गात बसली की सगळी नावं एकाच घडणीची निघतात. याच मुलांच्या आजोबा-पणजोबांची नावं काढा: कृष्णात, सर्जेराव, पिराजी, बाबगोंडा, दौलत, जोतिराम, केरबा, रवळू. आज्यांची हौसाबाई, आक्काताई, मंजुळा, तुळसाबाई. दहा नावं ऐकली की कोण कुठल्या खोऱ्यातलं, कुणाच्या घरी कानडी बोलली जाते, कुणाचं दैवत डोंगरावर आहे, याचा बराचसा अंदाज येतो. हे वैविध्य दोन पिढ्यांत विरत चाललं आहे आणि त्याचं कुणाला वाईट वाटताना दिसत नाही.

नाव सुंदर आहे का हे ठरवताना आपण दोनच गोष्टी बघतो: ते कानाला कसं लागतं आणि ते नवं आहे का. ते आलं कुठून, हे बघायचं राहून जातं. आमचं म्हणणं एवढंच आहे की ज्या नावाचा उगम दाखवता येत नाही ते नाव लेकराला देऊ नये, आणि ज्याचा उगम आपल्या शिवारात आहे ते 'गावठी' म्हणून टाकून देऊ नये.

आधी शिवारातलं बघू. शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लज या पट्ट्यात जैन आणि लिंगायत घरांतून पायगोंडा, आदगोंडा, बाबगोंडा, भीमगोंडा अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यातला 'गोंडा' म्हणजे कानडीतला गौडा, गावाचा प्रमुख, म्हणजे आपला पाटीलच. बाबगोंडा पाटील म्हटलं की एकच हुद्दा दोन भाषांत आला. रयत शिक्षण संस्था उभी करणारे कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्मले, त्यांच्या वडिलांचं नाव पायगोंडा. अण्णा, आप्पा, आक्का हे आपण दिवसभर तोंडात घोळवतो ते शब्दही कानडीतलेच. आणि हे काही कालपरवाचं नाही. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथं राज्य करणाऱ्या शिलाहार राजाचं नाव गंडरादित्य होतं. 'गंडर' म्हणजे कानडीत शूर पुरुषांचा आणि 'आदित्य' संस्कृत. दोन भाषांची गाठ मारून नाव करायची रीत या मातीत नऊशे वर्षांची आहे.

दुसरा झरा दैवतांचा. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरच्या जोतिबावरून जोतिबा, जोतिराम आणि, त्यालाच केदारनाथ म्हणतात म्हणून, केदार. जोतीराव फुल्यांचं नावही याच दैवतावरून पडलं असं सांगितलं जातं. अंबाबाईवरून अंबिका, अंबू. नृसिंहवाडीच्या दत्तावरून दत्तात्रय, नरहरी, नरसू. आजरा-चंदगडकडे रवळनाथावरून रवळू, धनगरवाड्यांत बिरदेवावरून बिरू. बाहुबलीच्या डोंगराभोवती बाहुबली आणि नेमिनाथ. यातलं केदार हे नाव मुद्दाम लक्षात घ्यावं. ते मुंबई-पुण्याच्या कुठल्याही सोसायटीत चालतं, कुणी त्याला जुनं म्हणत नाही, आणि तरी ते आपल्या यात्रेतून, गुलालातून आलेलं आहे. म्हणजे इथल्या नावात खोट नाही, ते निवडायचा धीर कमी पडतो.

तिसरा झरा फारसी-अरबीचा आणि पिरांचा. दौलत, हैबतराव, गुलाब, फकीरा, पिराजी. मराठा घरांत ही नावं सहज ठेवली जात. कागलच्या घाटगे घराण्यात पिराजीराव हे नाव आहे आणि त्याच कागलात गैबी पिराचा उरूस सगळं गाव मिळून करतं. शिवाजी महाराजांचे वडील शहाजी आणि काका शरीफजी यांची नावं नगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली अशी परंपरा आहे. आज दौलत किंवा पिराजी सुचवलं की घरातली तरुण मंडळी मान हलवतात. त्याच घरात 'कियान' मात्र संस्कृत समजून आवडीनं ठेवलं जातं. कियान इराणी आहे, प्राचीन इराणच्या कयानी राजांशी जोडलेलं. इराणी नाव ठेवायला आमची अजिबात हरकत नाही. पण ठेवताना ते कुठलं आहे हे माहीत असावं, आणि फारसी शब्द चालत असेल तर पणजोबांच्या दौलतनं काय घोडं मारलं आहे, याचाही विचार व्हावा.

आणि नद्या. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. दक्षिणेला दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आणि चंदगडची ताम्रपर्णी. उत्तरेला वारणा. गोदा, कृष्णा, नर्मदा, कावेरी अशी नावं मुलींना ठेवणाऱ्या समाजाला वारणा का सुचू नये? तीन अक्षरं, शेवटी आ, जोडाक्षर नाही. ताम्रपर्णी ऐकायला देखणं आहे, पण त्यात दोन जोडाक्षरं आहेत. रोजच्या हाकेत ते 'तांब्री' होईल, तेव्हा ते ठेवण्याआधी विचार करावा.

आता अर्थाकडे. नावांच्या याद्या पुस्तकांतून आणि मोबाइलवर वाटेल तेवढ्या मिळतात. त्यांतला मोठा दोष असा की नाव आधी कानाच्या हिशेबानं जुळवलेलं असतं आणि अर्थ मागाहून चिकटवलेला असतो. अर्थही ठरलेलेच: विष्णूचा अंश, सूर्याचा किरण, देवाची देणगी, अद्वितीय. वीस वेगवेगळ्या नावांपुढे हे चार अर्थ फिरून फिरून दिसले की यादी मिटून टाकावी.

श्रेयांशचं उदाहरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे. मूळ नाव श्रेयांस, शेवटी दंत्य स. जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. संस्कृतात 'श्रेयस्' म्हणजे अधिक चांगलं, कल्याणाचं. त्या शब्दाच्याच रूपांतून श्रेयांस येतं. त्यात 'अंश' कुठंही नाही. पण शिवांश, देवांश अशी नावं रूढ झाली आणि श्रेयांसमधला शेवटचा स लोकांना चुकीचा वाटायला लागला. मग 'दुरुस्त' करून श्रेयांश झालं, अर्थ 'श्रेयाचा वाटा'. ज्या जिल्ह्यात जैन बस्त्यांमधून, म्हणजे मंदिरांतून, श्रेयांसनाथांचं नाव घेतलं जातं, तिथंसुद्धा दाखल्यावर श्रेयांश उमटतं. त्याच साच्यातून पुढं रेयांश निघालं. यादीत त्याचा अर्थ 'विष्णूचा अंश' असा छापलेला असतो, पण विष्णूला 'रेय' कुणी म्हणत नाही. शिवांश, देवांश यांना व्याकरणाची हरकत नाही: शिव अधिक अंश, सरळ संधी. रेयांशला पहिलं पदच नाही.

खरे शब्दही डोळे झाकून घेऊ नयेत. अनुज म्हणजे मागून जन्मलेला, धाकटा भाऊ. तो पहिल्या मुलाला ठेवला तर संस्कृत जाणणारा माणूस थोरला कुठं आहे म्हणून विचारेल. अनुजाचं तसंच. तृषा म्हणजे तहान. नक्षत्राचं नाव कृत्तिका, त्यात त दोनदा आहे. 'कृतिका' लिहिलं की नक्षत्र सुटलं. दीनानाथ दीर्घ, कारण तो दीनांचा नाथ, आणि दिनकर ऱ्हस्व, कारण तो दिवस करणारा. सलिल म्हणजे पाणी आणि सलील म्हणजे लीलेनं, खेळकरपणे. दोन्ही सुंदर आहेत, दोन्ही वेगळी आहेत. इथं मराठीची एक खोड आडवी येते. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इ-उ आपण बोलताना लांबवतोच. अनिल आपण 'अनील'सारखा म्हणतो, सलिल 'सलील'सारखा. त्यामुळे कानावर भरवसा ठेवून लिहिलं की हमखास चुकतं. अशा नावांचा फरक फक्त कागदावर टिकतो, म्हणून कागदावर तरी तो बरोबर हवा.

तपासणं अवघड नाही. संस्कृत वाटणारं नाव वामन शिवराम आपट्यांच्या कोशात बघावं. मराठी, कानडी, फारसी वळणाचं वाटलं तर मोल्सवर्थचा मराठी कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. शब्द कुठल्या भाषेतून आला याची खूण मोल्सवर्थ देतो. हे कोश आता मोबाइलवरही शोधता येतात. पूर्ण नाव सापडलं नाही तर त्याची पदं सुटी करून शोधावी. दोन पदांपैकी एकही सापडलं नाही तर ते नाव कुणीतरी घरबसल्या जुळवलेलं आहे असं समजावं. शब्द सापडला तर त्याचं लिंगही बघावं. ऐश्वर्य हा नपुंसकलिंगी शब्द, स्वर पुल्लिंगी. त्यांना आ लावून ऐश्वर्या आणि स्वरा ही अलीकडची घडण आहे. ती आता मराठीत मुरली आहे, तिला नाकं मुरडण्याचं कारण नाही. नवी नावं घडवायचा हक्क प्रत्येक पिढीला आहे. फक्त घडवलेल्या नावाला 'वेदांत उल्लेख आहे' असं खोटं कुळ चिकटवू नये.

खोट्या नावांची मागणी वाढण्यामागं एक मोठं कारण राशीचं अक्षर. जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर ठरवणारं कोष्टक म्हणजे अवकहडा चक्र. त्यात २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण, मिळून १०८ अक्षरं. त्यात आर्द्रेला कू, घ, ङ, छ येतात. हस्ताला पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ङ, ञ आणि ण यांनी मराठीत शब्दच सुरू होत नाही. ठ आणि थ यांनी सुरू होणारं, लेकराला शोभेल असं नाव शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. मग यादी उघडली जाते आणि यादीत सगळं मिळतं. खरं तर धर्मशास्त्रानंच यातून वाट काढून ठेवली आहे. नामकरणात चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. नक्षत्राचं नाव पत्रिकेत राहतं, चरणाचं अक्षर त्यालाच लागू. व्यवहाराच्या नावाला अक्षराचं बंधन नाही. गुरुजींना हे विचारलं तर तेही हेच सांगतील. पत्रिकेत एक आणि दाखल्यावर दुसरं नाव असणं ही पळवाट नसून जुनी रीत आहे.

जुन्याचा आग्रह धरताना एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या नावांच्या इतिहासात अन्यायही भरलेला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकून किळस यावी असं असावं, असं लिहिलं आहे. धोंडू, दगडू, केरबा, भिकू या नावांमागं दुसरं कारणही होतं. आधीची मुलं दगावलेली असली की वाचलेल्याला दृष्ट लागू नये, मृत्यूचं लक्ष जाऊ नये म्हणून असं नाव ठेवत. त्या नावांत आईचा धसका आहे, माया आहे. पण आज ती पुन्हा ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. 'नकुशी' तर कुठल्याही कारणानं नको. मुलगी नको होती हे तिच्या कपाळावर आयुष्यभर लिहून ठेवण्याचा तो प्रकार. २०११ साली शेजारच्या सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं दिली गेली. ते उत्तम झालं, पण नाव बदलण्याची वेळ येऊ न देणं हे त्याहून बरं. सत्यशोधक चळवळ रुजलेल्या आणि राजर्षी शाहूंनी घडवलेल्या या शहरात नावावरून जात ओळखायची सवय जायला हवी. तशी ती जात असेल तर आम्हाला आनंदच आहे. मात्र जातीची खूण पुसायची म्हणून प्रदेशाची, भाषेची, नदीची खूण पुसायची गरज नाही.

जुनं नाव नव्या घरात आणायची एक सोपी युक्ती आहे. आजी-आजोबांच्या नावातलं मानाचं शेपूट काढायचं. बाई, आक्का, राव, आप्पा गळले की आतला शब्द मोकळा होतो. ताराबाईतून तारा. महाराणी ताराबाईंच्या शहरात याहून सरळ नाव कुठलं असेल? शिवाय ते जगात कुठंही उच्चारता येतं. हौसाबाईतून हौसा, रत्नाबाईतून रत्ना, यशवंतरावांतून यशवंत. शाहू महाराजांचं जन्मनाव यशवंतच होतं. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आल्यावर ते शाहू झाले. मंजुळा, शेवंता, मुक्ता, सई ही नावं शेपूट न काढताही चालतात.

निवडलेलं नाव तोंडी लावून बघावं. आपल्याकडं कुठलंच नाव पुरं टिकत नाही. संजयचा संज्या होतो, प्रकाशचा पक्या, विक्रमचा विक्या. ते तालमीत, शाळेत, गल्लीत होणारच, त्यावर रागवून उपयोग नाही. म्हणून बारशाआधीच त्या नावाचं बिघडलेलं रूप काय होईल ते मोठ्यानं म्हणून बघावं. अंगणातून शेताच्या बांधापर्यंत हाक मारून बघावी. हाकेत शेवटचा स्वर लांबतो, त्यामुळे आ किंवा ई यांनी संपणारी नावं दूर जातात, जोडाक्षरावर संपणारी तुटतात. भावंडांची नावं एकाच अक्षरानं ठेवली की घरात रोज गोंधळ होतो. आर्या आणि आरव एकत्र हाकेला ओ देतात.

आता कागदाचं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, आणि ती जन्म जिथं झाला तिथल्या निबंधकाकडं होते. गाव राधानगरीत असलं आणि बाळंतपण कोल्हापूर शहरात झालं तर नोंद शहरात. पुष्कळांना माहीत नसतं ते हे की नोंद नावाशिवाय करता येते. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे दवाखान्यातून घरी सोडण्याच्या गडबडीत, बारसं व्हायच्या आत नाव सांगून टाकायची काही सक्ती नाही. चुका तिथंच होतात. कुणीतरी मामा फॉर्म भरतो, खिडकीवर नाव तोंडी सांगितलं जातं, समोरचा कानाला आलं तसं टाइप करतो. पुढं पाळण्यात आत्या कानात वेगळंच नाव सांगते आणि कागदावर पहिलंच राहतं. लिहिण्यातली चूक पुराव्यानिशी दुरुस्त करून मिळते. अख्खं नाव बदलायचं तर राजपत्रापर्यंत जावं लागतं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचं वजन फार वाढलं आहे. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा तोच पुरावा. त्यावरचं एक अक्षर चुकलं तर ते पुढच्या प्रत्येक कागदावर उतरतं. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी राज्य सरकारनं क्रम ठरवला आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हा निर्णय चांगला आहे, आईचं नाव फार उशिरा कागदावर आलं. त्यामुळे आता नाव निवडताना ही चारही पदं सलग म्हणून बघावी. आईचं नाव पाच अक्षरी असेल तर मुलाचं दोन-तीन अक्षरी बरं.

रोमन लिपीतलं रूपही घरीच ठरवावं. आपण ज्ञ 'द्न्य' असा म्हणतो, म्हणून प्रज्ञा लिहिताना डी-एन-वाय येतं. उत्तरेत तेच जी-वाय लिहितात. ऋतुजामधला ऋ आपल्याकडं रु, हिंदीत रि. आर्य आणि आर्या, कृष्ण आणि कृष्णा यांचं रोमन रूप एकच होऊन बसतं आणि मग संगणक ते पुन्हा देवनागरीत उलटवतो तेव्हा मुलीचा मुलगा होतो. ळ रोमनमध्ये नाहीच, तुळशीची तुलसी होणार. यातलं कुठलंही रूप चालेल, पण एकदा ठरलं की दाखला, आधार, शाळेचा अर्ज, पासपोर्ट सगळीकडं अक्षर न अक्षर तेच हवं. पहिलीच्या प्रवेशावेळी एक ए जास्त पडला तर दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत तो जातो, आणि तिथून तो काढणं फार कटकटीचं आहे.

म्हणून कोल्हापूर महापालिका आणि जिल्हा परिषद या दोघांकडं एक मागणी आहे. नावाच्या अर्जावर देवनागरी नाव आधी लिहून घ्यावं, ऱ्हस्व-दीर्घासह. त्यावरून रोमन लिहावं. दाखला छापण्याआधी दोन्ही रूपं आईबापासमोर ठेवून त्यांची सही घ्यावी. सोबत एक छापील पान द्यावं: एका बाजूला १२ महिन्यांची मुदत, नावांचा क्रम आणि कोश कुठं पाहावा हे, दुसऱ्या बाजूला जिल्ह्यातल्या नद्या, दैवतं आणि जुनी माणसं यांच्यावरून आलेली शंभरेक नावं, खऱ्या अर्थांसह. अशी यादी करायला इथल्या महाविद्यालयांतले मराठी, कन्नड आणि संस्कृतचे प्राध्यापक पुरे आहेत. बाळ दीड महिन्याचं झालं की आई लसीला आरोग्य केंद्रात येते. तोवर बारसं झालेलं असतं, आणि मोफत नाव घालायला दहा महिन्यांहून जास्त अवधी उरलेला असतो. ते पान तिथं, लसीच्या कार्डाबरोबर तिच्या हातात पडलं पाहिजे.